फ्लेअर

जिंतूर रोडला, दुपारी सव्वा दोनला,
मानवतकर बाईंच्या गच्चीवरचं युनिट इतकं तापलेलं
की पाना हातरुमालात धरून फिरवावा लागला.
"दरसाल गॅस भरायलोत बघ," बाई जिन्यातून म्हणाल्या,
"गॅस म्हणजे काय रॉकेल आहे का, जळून संपायला?"
गणिताच्या बाई. प्रश्न बरोबर होता.

गॅस संपत नसतो, बाई.
तो जातो.

स्क्रू-ड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरला, मूठ कानाला:
गौसभाईंनी शिकवलेलं पहिलं काम.
आत ठोका नव्हता, कण्हणं नव्हतं,
रिकामं जातं फिरावं तशी घरघर नुसती.
पॅनल काढून उपडं टाकलं.
कपॅसिटर मोजला, ठीक.
तीन टर्मिनल, तीन आकडे,
दोन लहानांची बेरीज मोठ्याइतकी, म्हणजे वाइंडिंग शाबूत.
क्लॅम्प मीटरवर साडेतीन अँपिअर.
एवढ्या उन्हात एवढं कमी ओढणं
म्हणजे ताटात वाढलेलंच नाही काही.
बारीक पाइपावर मात्र बर्फ,
चव्वेचाळीस डिग्रीत, पांढराशुभ्र, खोटा.
लोक त्यालाच गारवा समजतात.

नटाखाली तेलाचा डाग, त्यावर धूळ बसून
काळं मलम झालेलं.
मशीन बंद केलं, साबणाचा फेस लावला, उकिडवा बसलो.
एक बुडबुडा.
मग बराच वेळ काही नाही.
मग दुसरा,
झोपेतल्या लेकराच्या ओठावर येतो तसा.

नट सोडून तांब्याचं तोंड पाहिलं:
फुलवलेलं, पण एका अंगाला पातळ,
आतली कड न खरवडता घाईत दाबलेलं.
कुण्या शिकाऊ पोराचं काम.
त्याला मी एक शिवी घातली, सावकाश.

वायरी झाकायला पॅनल उचललं,
उलटं केलं,
तर आतून पेन्सिलीत गौसभाईंचं अक्षर:
१७ मे २०११. २३० व्होल्ट. ६.८.
आणि खाली: फ्लेअर, माणिक.

त्या दिवशी मला संध्याकाळची गाडी धरायची होती,
पूर्ण्याला मामाच्या पोरीची हळद.

चौदा वर्षं.
गॅस कमी पडला की मोटर तापते,
माघारी येणाऱ्या गारव्यावरच ती जगते,
हे मी आता पोरांना शिकवतो. फळ्यावर चित्र काढून.

फ्लेअर नव्याने केली. कड खरवडली, तेलाचं बोट फिरवलं.
अर्धा तास व्हॅक्यूम. गॅस भरला. चालू केलं.
सक्शनचा काटा सत्तराच्या आसपास यावा,
तो शंभरावर थबकला, खाली येईना.
डिस्चार्जची नळी नुसती कोमट.
झडपा गेल्या.
फिरतो, पण ढकलत नाही.

"काय निघालं रे?" खालून.
कॉम्प्रेसर म्हातारा झाला, बाई,
एवढं म्हणून भागलं असतं.
खोटंही नव्हतं.
पॅनल काखेत घेऊन जिना उतरलो
आणि पेन्सिलीची बाजू त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी चष्मा लावला. दोनदा वाचलं.
पिशवीत दरसालच्या पावत्या होत्या, सात,
त्या टेबलाच्या कडेला सारल्या.
"म्हणजे पहिल्याच पायरीला चुकलं," म्हणाल्या,
"अन् आपण सात वर्षं उत्तरच तपासायलोत."
मग माठाकडे बोट केलं. पाणी पी आधी.

वर, नव्या फ्लेअरवर लावलेला फेस
उन्हात वाळत होता.
बुडबुडा एकही नव्हता.