नफ्याचा रकाना

मी तांत्रिक माणूस नाही. मंडळाचा हिशेब लिहितो.
छापखान्यामागची खोली, भाडं नाममात्र,
दोन पंखे, एक कुलूप
(हे दुसरं; पहिलं मासेरूच्या थंडीत गंजून गेलं),
आणि लोखंडी मांडणीत एक चपटी पेटी.
तिचे हिरवे दिवे लुकलुकतात.
मी त्यांना अजूनही काजवे म्हणतो
आणि न्थाबेलेंग अजूनही हसते.

ती सांगते: पूर्वी
या टेकडीवरच्या दवाखान्यातून एक्स-रे निघायचा
समोरच्या टेकडीवरच्या डॉक्टरकडे.
मध्ये एक घळ, चार पीचची झाडं, एक शाळा.
हाक मारली तर ऐकू जाईल.
पण एक्स-रे आधी नदी ओलांडायचा,
मग समुद्राच्या तळाने लंडन,
तिथे परक्याच्या उंबऱ्यावर ताटकळायचा,
जायचे पैसे, यायचे पैसे,
आणि धापा टाकत परत
त्याच पीचच्या झाडांपलीकडे.
बरगडी तोवर तशीच मोडलेली.
काखेत कळसा म्हणतात तो हाच,
फक्त वळशाला गाव पुरलं नाही,
अर्धी पृथ्वी लागली.

सहा कंपन्या, सहा साहेब,
एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हते.
न्थाबेलेंगने गरम माकोएन्या तळल्या, समोर ठेवल्या,
म्हणाली, ज्याच्या दारात पेटी त्याच्या हातात दोऱ्या. मान्य?
कुणालाच मान्य नव्हतं.
मग कुणाच्याच दारात नको.
एवढ्यावर मंडळ उभं राहिलं.

प्रत्येकाने आपली तार घेऊन यायचं
आणि सांगायचं, माझ्या घरी अमुक अमुक राहतात,
त्यांचं काही आलं तर माझ्या हाती द्या.
पेटी काही उघडून वाचत नाही, ठेवून घेत नाही,
विचारते कुणाकडे, आणि बोट दाखवते.
याला पीअरिंग म्हणतात.
मी वहीत ‘शेजार’ लिहितो.

सातवी, सगळ्यांत मोठी कंपनी, आली नाही.
मोठ्याने लहानांच्या ओट्यावर का बसायचं?
अकरा नंबरचं भोक तिच्यासाठी मोकळं राहिलं.
न्थाबेलेंग त्यावरची धूळ पुसायची, दर शुक्रवारी,
पाहुण्याचं पान मांडून ठेवावं तशी.

मग जुलैतली ती रात्र. बर्फ.
नदीपलीकडे कुठेतरी केबल तुटली
आणि जग बंद झालं.
खाणीतल्या मुलांचे आवाज बंद, सिनेमे बंद, लंडन बंद.
मी घोंगडी पांघरून खोलीवर धावलो,
काहीतरी करायला हवं म्हणून.
काजवे लुकलुकत होते.
एक्स-रे टेकडीवरून टेकडीवर जात होते.
विद्यापीठाचा निकाल लागला होता,
कुणीतरी नापास होऊन रडतही असेल, वेळेवर.
नावं ओळखणारा एक सर्व्हर आम्ही तिथेच ठेवलाय,
तो झोपेत बडबडावं तसे पत्ते सांगत होता.
फक्त मोठ्या कंपनीची गिऱ्हाइकं
रस्त्यापलीकडच्या घराशी बोलायला
समुद्राकडे डोळे लावून बसली होती.
न्थाबेलेंग खुर्चीत गाढ झोपलेली.
करण्यासारखं काहीच नव्हतं. मी पंखा पुसला.

पंधरा दिवसांनी एक पोरगा आला,
पिवळी तार काखोटीला.
‘अकरा नंबर,’ म्हणाला. नजर वर केली नाही.
आम्हीही काही विचारलं नाही.
टक्.
एक काजवा वाढला.

ऑगस्टमध्ये ऑडिटर येतात.
वहीच्या छापील पानावर नफ्याचा रकाना आहे,
त्यात मी दरमहा आडवी रेघ मारतो.
ते चष्मा वर करतात: एवढी वाहतूक, मग मिळकत गेली कुठे?
मी खिडकीकडे बोट दाखवतो.
घळ, शाळा, पीचला नुकताच आलेला गुलाबी बहर.
त्यांना काही दिसत नाही.
दिसण्यासारखं नाहीच;
जायचं होतं ते पोचलंय.

खर्चाची बाजू: एक झाडू, पंख्याचं तेल,
माकोएन्यांसाठी पीठ, साखर.
आणि हो, हेही कुलूप
गंजायला लागलंय.