लाभापासून

मार्केट यार्डात सव्वीस वर्षं मापाडी होतो मी.
मोजताना एक म्हणायची रीत नव्हती आमच्यात.
पहिलं पोतं काट्यावर चढलं की मोठ्यानं म्हणायचं, लाभ.
मग दोन, मग तीन.
लाभ कुणाचा, हे कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

हळदीचा भाव तेव्हा रुमालाखाली ठरायचा.
दोघांची बोटं आत काहीतरी बोलायची
आणि ज्याची हळद तो बाहेर उभा,
दवाखान्यात पडद्याकडं बघत राहावं
तसा रुमालाकडं बघत.

आता शनिवारी सकाळी विश्रामबागेत
पाण्याच्या टाकीमागं
समडोळीच्या सात बायका टेंपोतून उतरतात.
मेथी, पोकळा, नदीकाठची वांगी,
घरी दळलेली हळद पाव-पाव किलोच्या पुड्यांत.
माझ्याकडं फक्त काटा. पासिंग केलेला.
दस्तगीरमामा, तुम्ही नुसतं बसा, राजमती मगदूम म्हणाली,
लोकांना वजनाचा भरवसा पाहिजे.

पहिल्या शनिवारी एक बाई आल्या, चष्मा डोक्यावर सारून.
"वांगी कशी दिली?"
राजमती गप्प.
मोटर जळाली तर रात्री अकराला
वायरमनला उठवून आणणारी ही,
तिच्या तोंडातनं आकडा फुटेना.
त्या घरात भाव ऐकला होता सगळ्यांनी,
पट्टीवर वाचला होता, हमाली तोलाई वजा जाता.
सांगितला नव्हता कधी.
ती माझ्याकडं बघायला लागली,
मी काट्याकडं.

"तुम्हीच द्या काय ते."
बाईंनी चाळीस दिले
आणि वर दोन वांगी टाकून घेतली.

त्या रात्री तिनं पोराच्या वहीत मांडलं:
रोपं, शेणखत, विजेचं बिल,
टेंपोचं भाडं भागिले सात.
आणि खाली एक ओळ,
राजमती, पहाटेचे दोन तास.
दोनदा खोडली म्हणे.
तिसऱ्यांदा राहू दिली.

पुढच्या शनिवारी त्याच बाई.
"पंचावन्न," ती म्हणाली.
"अगं, गेल्या वेळी चाळीस होती!"
"गेल्या वेळी मला धरलं नव्हतं त्यात."

बाईंनी एक वांगं उचललं,
देठाचा काटा टोचला, बोट तोंडात घातलं.
"ताजी आहेत," म्हणाल्या. "पण पंचावन्न जास्त होतात."
आणि गेल्या.

हाक मारून पन्नास म्हणावं, माझ्या जिभेवर आलं होतं.
राजमतीनं मेथीवर पाणी शिंपडलं.
हाक मारली नाही.

मग बराच वेळ कुणी नाही.
मग खोली करून राहणारं एक पोरगं, खांद्याला सॅक,
चारच वांगी द्या म्हणालं, स्वतःपुरती.
तीनशे ग्रॅम भरली.
माझ्या तोंडातनं सवयीनं गेलं, लाभ.
"काय?" पोरगं म्हणालं.
राजमती सुट्टे चाचपत होती.
"साडेसोळा होतात. मामा,
सोळा घेऊ का सतरा?"

मी काट्यावरची माती पुसत राहिलो.