रंगाखाली

ब्रेक दाबला की रेडिओ बंद पडायचा.
डावा इंडिकेटर टाकला की चारही दिवे
एकमेकांकडे बघून डोळे मिचकावायचे,
आणि आचाओच्या चढावर, पावसात,
हॉर्न वाजवला तर हेडलाइट
पेंगुळल्यासारखे पापण्या मिटायचे.

बॅटरी बदल, म्हणाला पंपावरचा पोरगा.
बदलली. उधारीवर.
मार्चमध्ये एक, जुलैत दुसरी.
आल्टरनेटर बघ, म्हणाला माझा मेहुणा,
ज्याच्याकडे स्वतःची सायकलही नाही.

मंगळवारी फेरीच्या उतारावर ती मेलीच.
वर बटाट्यांची एकवीस पोती, लसणाच्या माळा,
मागे अकरा गाड्या,
पुढे उर्बानो हात हलवतोय, या ना, या ना.
किल्ली फिरवली: टक्.
पुन्हा फिरवली: टक्.
एवढा एकच शब्द उरला होता तिच्याकडे.

ओतिलिया नाउएल्किन रांगेतून चालत आली.
ती बोटींची वायरिंग करते; गाड्यांना सहसा हात लावत नाही,
गाड्या फार बोलतात, म्हणते.
पायात रबरी बूट, काखेत मल्टिमीटर.
बॅटरी बघितली: बारा पॉइंट सहा.
"हिला उगाच बोल लावताय. हिचं काम ही करतेय.
परतीची वाट बघू."

एक टोक निगेटिव्हला, एक इंजिनच्या उघड्या धातूला.
"मार आता."
टक्.
नऊ व्होल्ट.
"इथे जवळजवळ शून्य हवं," ती म्हणाली.
"वीज निघते, पण घरी पोचत नाही.
मग रेडिओतून, दिव्यातून, उघडं दिसेल त्या दारातून शिरते."

तिने जंपरची काळी वायर
निगेटिव्हवरून थेट इंजिनला लावली
आणि गाडीने पहिल्याच हाकेला ओ दिली.
आम्ही ती बाजूला घेतली. फेरी गेली.

ओतिलिया रिकामं पोतं अंथरून खाली सरकली.
मी टॉर्च धरला.
"कुणी रंगवलीय ही?"

बाबांनी.
दर हिवाळ्याच्या आधी, होडीचा उरलेला निळा रंग,
चॅसिसला, बोल्टला, बोल्ट काढून वायसरखालीसुद्धा,
मिठाला बोट शिरायला जागा नको म्हणून.
आमच्याकडे समुद्र लोखंड खातो.
बाबा म्हणायचे, खाऊ दे, आधी माझा रंग खाईल.
सात हिवाळे, सात थर.
शेवटच्या थरात ब्रशचा एक केस चिकटलाय, अजून.

बोल्ट सुटला तशी तांब्याची वेणीदार पट्टी
तिच्या हातात आली, आणि तुटली.
आतून हिरवी, कळकलेली.
मीठ दुसऱ्याच टोकाने शिरलं होतं;
रंगाने त्याला आत कोंडून ठेवलं.

पाच महिने आम्ही दिव्यांमध्ये, रेडिओत अर्थ शोधत होतो.
तो इथे होता, एका तेरा नंबरच्या बोल्टखाली,
आणि लागत नव्हता.

ओतिलियाने कानस माझ्याकडे दिली.
"तुझे बाबा. तू घास."

घासलं. निळा भुगा बाहीवर पडला,
पोत्यावर, माझ्या ओठांवर.
मग करडं काहीतरी. मग एकदम, नाण्याएवढं, लख्ख.
तो धातू बाबांनीही शेवटचा कधी पाहिला असेल,
कोण जाणे.

नवी पट्टी नव्हतीच.
बोटीची जाड केबल कापली,
टोकाला लग ठेवून दगडावर हातोडीने चेपला,
दातेरी वायसर, वरून व्हॅसलीन.
"रंग लावू परत?" मी विचारलं.
"लाव की. पण जोडून झाल्यावर.
आधी धातूला धातू भिडू दे."

मीटर म्हणाला, शून्य पॉइंट एक.
पोतंभर बटाटे तिने घेतले नाहीत;
लसणाची एक माळ घेतली, गळ्यात घातली, गेली.

चार वीसच्या फेरीवर मी चढले.
रेडिओवर बेटांसाठीचे निरोप चालू होते:
उद्या बोट येणार नाही,
फिदेलिनाला मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत,
कुणाचं तरी वासरू सापडलंय, काळं, एक कान पांढरा.
नखांत निळं होतं.
मी ब्रेक दाबला, उगाचच.
बाई वासराबद्दल बोलतच राहिली.