मिठाचा हिशेब

आधी ऐकू येतात वायपर.
मग श्वास.
मग बाई.
मी लिअँडरला हातानं खूण करते: हा मी घेते.

सेंट जॉन्सच्या बंदरावर धुकं इतकं खाली उतरलंय
की चौथ्या मजल्यावरून जहाजं दिसत नाहीत,
भोंगे तेवढे असतात.

नवीन पोरांना मी पहिल्या दिवशी सांगते,
रडणाऱ्याला घाई करू नका,
ओरडणाऱ्याला तर मुळीच नाही.
पुरावा हा शब्द पाच मिनिटं तोंडातच ठेवा,
लोक दचकून फोन ठेवतात.
शंभरातले साठ फोन सूडाचे असतात,
पण सूड उगवणारा खोटंच बोलतो असं नाही.
आणि नाव विचारू नका.
ओळखू आलं, तरी ओळखू नका.

बाई म्हणाली, रस्त्यावर टाकायचं मीठ.
बिल बारा ट्रकांचं, येतात नऊ.
डेपो आमच्या खिडकीखाली आहे,
भांडी घासताना मी मोजते.
मासेवाल्याच्या कॅलेंडरवर रेघा ओढल्यात,
नोव्हेंबरपासून.
वायपर दोनदा फिरले.
नवरा तिथंच लोडर चालवतो.
म्हणतो, खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं.
मी विचारलं, कुठल्या?
ताटातल्या, की ढिगातल्या?
तेव्हापासून तो बाहेरच्या खोलीत झोपतो.

मी टाइप केलं: तक्रार ४१७.
खोलीचं काही टाइप केलं नाही.

पुढं आमचं नेहमीचंच.
डोरीन किली वजनकाट्याच्या पावत्या घेऊन बसली
आणि तिसऱ्या दिवशी हसत माझ्याकडे आली:
अख्खा फेब्रुवारी एकाच पेनानं, एकाच बैठकीत लिहिलेला.
लिअँडर तीन रात्री गाडीत कुडकुडला, नऊ मोजून आला.
आणि एक ट्रक, जो गिअरबॉक्स काढून
गॅरेजात ठोकळ्यांवर उभा होता,
तो कागदावर एकोणीस फेऱ्या मारून आला होता.

वरच्या मजल्यावरून उपसचिव टिझर्ड आले,
दाराला टेकून, सहज विचारल्यासारखं:
कोण आहे हो ही?
मला माहीत नाही, मी म्हटलं.
ते खरं होतं.
रविवारपर्यंत.

रविवारी मी सलगम, खारवलेला मासा
आणि काडेपेटी घेऊन रांगेत उभी.
पिशवी हवी?
दोनच शब्द.
पण त्यांच्या मागं वायपर फिरत होते.

मी मान वर केली नाही.
नको, म्हटलं,
आणि तेव्हा ध्यानात आलं की आवाज मलाही आहे,
तोही कुणीतरी तासभर कानाशी धरला होता.
सलगमावरचा हात थांबला.

वीसची नोट दिली होती मी. आठ झाले होते.
गल्ल्यात नोटा नव्हत्या, तिनं नाणी काढली,
एकेक करून माझ्या तळव्यावर ठेवत गेली,
सात, आठ, नऊ,
तिथं थांबली.
मागच्या माणसानं घसा खाकरला.
मग दहा, अकरा, बारा.

नियमानं मी तिला काहीच सांगू शकत नाही.
चौकशी संपली, कंत्राट गेलं,
तीन माणसं घरी बसली आणि त्यांत लोडरवाला नाही,
यातलं काहीच नाही.
निनावी माणसाला निकालाचं पत्र
कुठल्या पत्त्यावर धाडणार?

बरोबर मोजता तुम्ही, मी म्हटलं.

ती बघत राहिली.
सवय आहे, म्हणाली.
आणि पुढच्या गिऱ्हाइकाची अंडी
एकेक हलवून पाहू लागली, फुटली नाहीत ना.

हे गोपनीयतेचा भंग होतं
की नुसतं सुट्ट्या पैशांबद्दलचं बोलणं,
डोरीनला विचारावं असं दोनदा वाटलं.
विचारलं नाही.
सोमवारी पोरांना नियम परत वाचून दाखवला,
ओळखू आलं तरी
इथं जरा अडखळले.
लिअँडर म्हणाला, पाणी देऊ?

त्या रविवारी मात्र दुकानाबाहेर
उतारावर बर्फ होतं,
आणि कुणीतरी ताजंच मीठ फेकलेलं,
सढळ हातानं.
बुटाखाली ते करकरत होतं.
काडेपेटी आतच विसरले होते.
परत गेले नाही.