तरी

रावपुऱ्यात आमची लॅब, पहिल्या मजल्यावर.
पाचनंतर रिपोर्ट मिळतात.
पावती घ्यायची, नाव पाहायचं,
लिफाफ्याला एक पिन मारायची
आणि तोंड मख्ख ठेवायचं.
अर्धा पगार त्या मख्खपणाचाच.
सोळा वर्षांत आकडे वाचायला शिकले.
डॉक्टरांच्या आधी मला कळतं,
घरच्यांच्या आधी तर नक्कीच.

जिना उतरला की समोर जशुभाईंची लारी.
पांढरे वाटाणे, वर शेवेचा डोंगर, पातीचा कांदा,
आणि वेगळ्या पातेल्यात लालभडक, तेलाचा तवंग धरलेली
तरी.

लिफाफा काखेत दाबून माणसं रस्ता ओलांडतात.
चांगली बातमी घेऊन जाणारे समजू शकतात.
पण दुसरेही जातात. दुसरेच जास्त.
मिस्त्रीकाका, साखर चारशे दहा, मोजून चार पाव.
वनलीलाबेन नवऱ्याचा कागद पर्सच्या तळाशी घालून
उभ्या-उभ्या दोन प्लेटी.
एक पोरगा होता, मिसरूडही न फुटलेला,
तो तर नुसती तरीच प्यायला, वाटी तोंडाला लावून.

पूर्वी मला राग यायचा.
वाटायचं, खिडकीतून ओरडावं,
अहो, त्या कागदात काय लिहिलंय वाचलंत का?
वाचलेलं असायचं.

आमच्या घरी दुःखाला मऊ भात.
ताप आला, भात. नापास झाले, भात.
बाबा गेले त्या आठवड्यातही आई म्हणाली,
पोटाला त्रास नको, वरून तूप घे.
सांत्वन म्हणजे न चावता उतरणारं काहीतरी,
हे मी इतकं धरून चालले होते
की जिभेला चटका लावून घेणाऱ्यांचं गणित
सुटेचना.

मग एकदा जेवणाच्या सुट्टीत लारीच्या बाकावर बसले.
शेजारी वनलीलाबेन. नाक वाहत होतं, डोळे वाहत होते,
पदराने पुसत होत्या, पुन्हा पाव बुडवत होत्या.
जशुभाईंनी विचारलं, तीखुं लाग्युं, बेन?
त्या म्हणाल्या, हा भाई, बहु तीखुं.
आणि रडत राहिल्या, भर रस्त्यात,
रिक्षा, गाय, शाळेची पोरं जात असताना,
आणि कुणी थांबून काही विचारलं नाही.
जशुभाईंनी फक्त पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

जशुभाई गुजराती. पातेल्यात पळी घालून
प्रत्येकाला एकच शब्द विचारतात:
तरी?
त्यांना रस्सा विचारायचा असतो.
मी आपली मराठी कानाची. मला ऐकू येतं,
इतकं सगळं झालं,
तरी?
आणि माणूस ताट पुढे करतो.

परवा मशीनमधून एक कागद आला.
पागे इंदुमती, वय बाहत्तर, स्त्री.
मी पिन मारली. तोंड मख्ख.
टेबलावर आणखी एकवीस लिफाफे होते, तेही दिले.

साडेसातला खाली उतरले.
पार्सल बांधताना जशुभाईंनी विचारलं
आणि मी मान हलवली. भरपूर, म्हटलं.

आईने कुकर लावून ठेवला होता.
पिशवी हुंगली, माझ्याकडे पाहिलं,
मग कुकरचा गॅस बंद केला, शिट्टीच्या आधीच.
तेवीस वर्षं जिने फोडणीत मिरची मोडून टाकली नाही
ती म्हणाली,
तरी वेगळी आणलीस ना?

दोघी ओट्याशीच उभ्या राहिलो.
तिसऱ्या घासाला तिला ठसका लागला.
तिखट आहे गं, म्हणाली.
हो, म्हटलं, आज जरा जास्तच आहे.
तिने चष्मा काढून ठेवला. मीही पुसत होते डोळे.
प्लॅस्टिकच्या पिशवीला भोक होतं कुठेतरी,
लिफाफ्याच्या कोपऱ्यावर तेल चढत चाललं होतं,
पिनेपर्यंत आलं होतं.
आईने तो उचलून डब्यावर ठेवला, उघडला नाही,
आणि विचारलं,
अजून एक पाव आहे का?