बी की आठ

सिडको, सहावी स्कीम. एका रांगेत चार रो-हाउस,
चार घरांत चार असेंबल्ड पीसी
आणि सीडी एक.
सुहृद केंगेच्या मामाने पुण्याहून आणलेली, खरी,
डब्यावर चकचकणारा गोल शिक्का.
तो शिक्काही आम्ही आळीपाळीने बघायचो.

गेम सुरू होताना सीडी मागायचा,
एकदाच.
पहिलं चित्र आलं, ढोल वाजला,
की पोटात काय आहे हे त्याच्या लक्षातच राहायचं नाही.
हे मुदस्सरला सापडलं. कसं, ते त्याने सांगितलं नाही.
मग सीडी काढायची. पुढच्या घरी.

ती गच्चीवरून जायची.
कपडे वाळत घालायची दोरी, दोरीला चिमटा,
चिमट्यात वहीच्या कागदात गुंडाळलेली सीडी.
केंगे, मग आम्ही, मग शेख,
शेवटी खैरनारांच्या टाकीपाशी
अनघा हात वर करून उभी.
जानेवारीत सीडी इतकी गार पडायची
की ती स्वेटरच्या आत घेऊन जिना उतरायची.
नेटवर्कची निळी वायर त्याच वाटेने गेलेली,
तिच्यावर कुणाचं तरी बनियन हमखास.

लाइट गेली की चार राज्यं एका क्षणात बुडायची.
अंधारात चार गच्च्यांवरून एकच शिवी,
अनघाची जरा सभ्य.
लाइट आली की सीडी पुन्हा केंगेंकडून निघायची.

वडील अंबडला डाय बनवायचे.
एकदा त्यांना विचारलं, ही चोरी आहे का हो?
डब्यावर लिहिलंय, एक प्रत, एक यंत्र.
ज्या माणसाने कधी लाइटबिल नीट वाचलं नाही
त्याने चष्मा लावून ती बारीक अक्षरं शेवटपर्यंत वाचली.
म्हणाले, डाय एकच असते, जॉब हजार निघतात.
मग जरा थांबून,
पण डाय करणाऱ्याला पैसे एकदाच मिळतात.
आणि जेवायला बसले.
ते कुणाच्या बाजूने बोलले
ते मला अजून कळलेलं नाही.
आई तेवढ्यात विरजणाची वाटी घेऊन शेखांकडे गेली होती.

किल्ली सोळा अक्षरांची,
सुहृदने कॅलेंडरच्या मागे, दुधाच्या हिशोबाशेजारी उतरवलेली.
त्याचा बी आणि त्याचा आठ, जुळे भाऊ.
नववं अक्षर दोन्ही टाकून बघायचं.

अनघा लढाईत सगळ्यांत आधी हरायची.
शेवटचं घर तिचं, म्हणून रात्री सीडी तिच्याकडेच राहायची,
आणि रात्री ती एकटी खेळायची,
हे पुढे कधीतरी समजलं.
तिच्या राज्यात सैन्य नव्हतं.
शेतं, एक बाजार, आणि नदीवर सात पूल,
एकाच्या शेजारी एक,
एवढे कशाला, असं विचारलं तर म्हणाली,
बांधता येत होते म्हणून.

दहावीच्या वर्षी चरा पडला.
टूथपेस्ट चोळली, केळ्याची साल चोळली,
मुदस्सरच्या अब्बांनी चष्म्याचं फडकं दिलं.
गेम त्रेसष्ट टक्क्यांवर येऊन बसायचा,
आणि ड्राइव्हमधून भाकरी थापल्यासारखा आवाज.
कुणाच्या हातून पडला, कुणीच विचारलं नाही.
चौघांनाही वाटत होतं, आपल्याच.

काल रात्री अनघाचा फोन, ओझरहून.
मुदस्सरने म्हणे तेव्हाच एक नक्कल काढून ठेवली होती,
वीस वर्षं एका बंद हार्ड डिस्कमध्ये,
आणि आत्ता, भाचीच्या लग्नात, सहज बोलून गेला.
तिची पोरगी, पोरीची मैत्रीण, दोन लॅपटॉप.
किल्ली मागतोय. तुला येते ना?

मला पाढ्यांतला सतरा येत नाही,
पण ही आली, एका दमात,
नवव्या अक्षरापर्यंत.
तिथे मी थांबलो. तीही थांबली.

आधी बी टाक, म्हटलं.
टाकलाय.
मग?
नको म्हणतोय.
मग आठ.
थांब, म्हणाली, पोरीला टाकू दे,
फोन ठेवू नकोस.