साडेतीन तारे

डुलुथ. पहाटेचे तीन.
मार्लिस ट्वेट बर्फ ढकलायचा ट्रक काढते
आणि कानात लांडगा सोडते.

भाग चौथा. अकरा तास वीस मिनिटं.
नायक तीनशे वर्षांचा, तरी रुसतो
शाळकरी पोरासारखा. अर्धा तारा वजा.
पौर्णिमा महिन्यातून तीनदा येते; असो.
चुंबनाआधी वाचणाऱ्याचा श्वास
बर्फावर मीठ पडावं तसा चरचरतो. हे जमलंय.

पण आवाज बदललाय.
आधीच्या तिन्ही भागांत हाच लांडगा
घोगरा होता, 'र'वर जरा अडखळायचा.
आता कसा गुळगुळीत, दाढी केल्यासारखा.
कुणी सांगितलंसुद्धा नाही.
मेलेल्याला परत आणा हो, माझी ना नाही,
पण त्याच्याच आवाजात आणा.

घरी येऊन, बूट न काढता,
एवढं सगळं टाइप करते ती.
मग शेवटच्या दोन ओळी खोडते.
एक तारा वजा, कारण न देता.

ओट्यावरच्या जुन्या मशीनचा लाल दिवा लुकलुकतो.
फोन वाजतो. ती उचलत नाही, वाजू देते,
चौथ्या घंटेनंतर घोगरं कुणीतरी म्हणतं:
रॉल्फ आणि मार्लिस घरी नाहीत,
निरोप ठेवा.

पलीकडून दंतवैद्याची बाई बोलू लागते.